अंड्यात उतरलेली दाढी

अंडं फुटलं आणि पांढऱ्या वाडग्यात बलकाबरोबर काळ्या केसांचा गुंता घसरून पडला. बुळबुळीत, पिवळ्यात लडबडलेला. मांडवातल्या दोघीतिघी तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या, बाकीच्या मात्र माना उंचावून पुढे सरकल्या.

“बघा, डोळे भरून बघा!” सुरोजोयोबुवा गरजला. “घशात मूळ धरून बसली होती दाढी. माझ्या अंड्यानं शोषून घेतली! फिरव आई, हनुवटीवरून हात फिरव. लागतंय काही?”

खुर्चीतल्या म्हातारीनं चाचपून पाहिलं. हनुवटी गुळगुळीत झाली होती. ती हुंदका देऊन बुवाच्या पायांवर पडली आणि मांडवभर बायका अल्लाचं नाव घेऊ लागल्या.

मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या रासितीबाईंनी तोंड फिरवलं. किळस त्या केसांची नव्हती. परक्या बाप्यानं म्हाताऱ्या बायकांच्या हनुवट्या दोन बोटांत धरून, बाजारात शेळीचे दात बघावेत तशा इकडेतिकडे वळवायच्या, वर कुजका वास मारणारा पिवळा लेप थापायचा आणि बायकांनी डोळे मिटून ते सोसायचं, याची ती किळस होती. त्या वासावर उतारा म्हणून बुवानं मोगऱ्याचं तेल आणि उदाचा धूर यांची खैरात केली होती, तरी तो वास लपत नव्हता. बाईंनी कालिजुरांगच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या त्यांच्याच विद्यार्थिनी.

जावा बेटावरच्या ब्रेबेसच्या आसपासची गावं खारवलेल्या बदकाच्या अंड्यांवर जगतात, कालिजुरांगही त्यातलंच. अशा गावात हा बुवा स्वतःची अंडी घेऊन आला होता! टोपलीवर काळं फडकं, आणि तोंडात ठरलेली टकळी. “उपाशी ठेवलेल्या काळ्या कोंबडीची अंडी आहेत ही. यांच्यावर उजेड पाडाल, तर शाप बघणारीच्याच तोंडावर उगवेल.” झालं! ज्या गावात शेंबडी पोरसुद्धा अंडं उजेडाला धरून आत पाहिल्याशिवाय घेत नाही, तिथल्या बायका त्या टोपलीकडे बघायलाही धजेनात.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हताच. पाळी गेली की कित्येकींच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागतात. पण कालिजुरांगमध्ये ते कुणालाच येत नसत, कारण डोक्याचा रुमाल जरा हनुवटीवर ओढला की प्रश्न मिटला. रासितीबाईंनाही येत. रोज सकाळी न्हाणीची कडी लावून त्या चिमट्यानं उपटून टाकत, आणि सख्ख्या बहिणीलाही त्याचा पत्ता नव्हता.

बुवानं नेमकं हे झाकलेलं दुखणं हेरलं. अडचण एकच, गेलेली दाढी थोड्या दिवसांत परत उगवे. मग त्यानं नवं पिल्लू सोडलं.

“करणी करणारी जिवंत आहे, म्हणून उगवते! तुमच्या तोंडाला पहिला वस्तरा कुणी लावला? आठवा!”

आठवायला कशाला हवं? लग्नाआधी नवरीच्या कपाळावरची, गालांवरची लव वस्तऱ्यानं काढायची, ही रीतच. आणि गेली पन्नास वर्षं कालिजुरांगच्या नवऱ्या सजवत आली होती ती वार्कियाहमावशी. आता थकलेली, नवरा गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. दाढी आलेल्या प्रत्येकीच्या तोंडाला मावशीचा वस्तरा लागलेला होता. एवढा धडधडीत पुरावा असल्यावर आणखी काय हवं? केस परत उगवले की मावशीच्या कौलांवर दगड पडू लागले. मावशीनं दार उघडणं सोडलं. येत्या शुक्रवारी नमाजानंतर तिला गावाबाहेर काढायचं ठरलं होतं, आणि काढायचं कशाला, घराला काडीच लावू या, असंही काहीजण बोलू लागले होते.

या सगळ्यात पुढे होती दार्युनी. अंड्यांचा धंदा मोठा आणि आवाज त्याहून मोठा. तिची हनुवटी लेपानं भाजून फुटली होती, खपलीखालून पू पाझरत होता. बाईंनी तिला मांडवाबाहेर गाठलं.

“दार्युनी, हे भाजलंय. दवाखान्यात चल.”

“भाजलं नाही बाई, विष बाहेर पडतंय. बुवांनी सांगितलंय.”

“आणि मावशीनं तुझं काय घोडं मारलंय?”

“माझ्या तोंडावर दाढी पेरली तिनं! पोरीच्या सासरची माणसं माझ्याकडे बघून खुसखुसतात. तुम्हाला काय कळणार? तुमची हनुवटी बघा कशी लख्ख!”

बाईंचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. लख्ख! त्या दिवसापासून त्यांनी चिमट्याला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी मांडव खच्चून भरला होता. नमाजानंतर मावशीच्या घरावर जायचं म्हणून बाप्येही जमले होते. बाई सरळ जाऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी रुमाल हनुवटीखाली सरकवला. पांढरे, ताठ केस भर उजेडात आले. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंची कानशिलं तापली, जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं, तरी त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

“बाई, तुम्हालासुद्धा?” दार्युनीनं विचारलं.

“मलासुद्धा. काढा बुवा. पण लेप नको, नुसतं अंडं फिरवा. शोषतं ते अंडंच ना?”

एवढ्या लोकांपुढे नाही म्हणायची बुवाची सोय नव्हती. त्यानं पुटपुटत अंडं फिरवलं, वाडग्यात फोडलं. काळा गुंता बाहेर आला.

“माझी दाढी पांढरी, मग अंड्यात काळी कशी?” बाई म्हणाल्या. “आणि माझी तर हनुवटीवर जागच्या जागी आहे!”

“मूळ काळंच असतं, बाई!” बुवा गडबडला नाही. “वर दिसतात त्या फांद्या. लेप लावलात की त्याही गळतील.”

“खरंय, मूळ काळंच असणार,” बायका माना डोलावू लागल्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं सोपं असतं तर बुवा उपाशी मेले असते, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी वाडग्यात बोटं घातली. बलकात बरबटलेला एक काळा तंतू ओढून काढला, पुसला आणि उदाच्या निखाऱ्यावर टाकला. वाळक्या गवतासारखा वास आला. मग त्यांनी सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हनुवटीवरचा एक पांढरा केस बोटांनी धरला, हिसडा देऊन उपटला आणि तोही निखाऱ्यावर धरला. करपट दुर्गंधी पसरली.

“जळक्या केसाचा वास हा असा. मग पहिला वास कसला होता?”

“काथ्याचा!” मागून एक बाई ओरडली. “केरसुणीचा काळा काथ्या! चुलीत टाकला की अस्साच वास येतो!”

“आता टोपली. दार्युनी, एक अंडं उचल आणि बघ.”

“नको बाई! दाढी उगवेल.”

“ती तर तुला आहेच. आणखी काय व्हायचं राहिलंय?”

मांडव हसला. बुवा टोपलीवर आडवा झाला, पण दार्युनीचं मनगट वीस माणसांचा कारखाना चालवणारं होतं. तिनं अंडं काढलं, मोबाइलचा उजेड खालून लावला, आणि भीतीचं भान यायच्या आत हातानं सवयीनं ते फिरवलं.

“हे आधीच फोडलंय,” ती म्हणाली. आवाज एकदम धंद्यातला झाला होता. “बोथट टोकाला भोक पाडलंय. मेण भरून वर चुना फासलाय. आत बोळा. असलं अंडं मी फुकट घेणार नाही!” तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांत तेच.

“आणि हा लेप म्हणजे केस काढायचं औषध,” बाई म्हणाल्या. “दुकानात मिळतं. हा घाणेरडा वास त्याचाच. कातडीवरचा केस विरघळतो, आतलं मूळ शाबूत राहतं, म्हणून तो परत येतो. जास्त वेळ ठेवलं की कातडीही भाजते.”

“खोटं! हा मंतरलेला लेप फक्त करणीचाच केस काढतो!” बुवा किंचाळला.

दार्युनीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. बुवाच्या मिशा झुपकेदार होत्या. तिनं लेपाचा वाडगा उचलला आणि मूठभर लेप त्याच्या ओठावर थापला. “मग तुमच्या मिशांना काय धोका? बसा निवांत!” चौघींनी त्याला खुर्चीत दाबून धरलं. तो शिव्या देत होता आणि तोंडात गेलेला लेप थुंकत होता. जरा वेळानं दार्युनीनं फडक्यानं ओठ पुसला, तर अर्धी मिशी फडक्यात आली. उरलेली अर्धी घेऊन बुवा मोटारसायकलकडे पळाला. टोपली तिथेच राहिली.

हसणं ओसरल्यावर बाई उठल्या.

“हसून झालं? वस्तऱ्यानं दाढी पेरली म्हणत होतात. मावशीचा वस्तरा या गावात कुठल्या नवरीला लागला नाही? मग ज्यांची हनुवटी अजून साफ आहे, त्यांना तिनं का सोडलं?”

दार्युनी खाली मान घालून मावशीच्या घराकडे निघाली, मागून बाई आणि बाकीच्या.

अंगणात कौलांचा खच पडला होता. दार आतून बंद होतं.

“मावशी, मी दार्युनी. दगड नाही आणला. माफी मागायला आलेय.”

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. मावशीचे डोळे खोल गेले होते, आणि हनुवटीवर दार्युनीच्या दुप्पट पांढरी दाढी वाढलेली होती. इतके दिवस घराबाहेर न पडलेल्या म्हातारीला ती काढायचं भान कुठलं असणार?

“माझं लग्न टंचाईच्या सालात झालं,” मावशी म्हणाली. “ना सजणं, ना वस्तरा. माझ्या तोंडाला आजतागायत पातं लागलेलं नाही. मग ही दाढी कुणी पाठवली गं, सांग की?”

दार्युनी रडायला लागली. मावशी रडली नाही. “रडून माझं छप्पर शाकारणार आहे का? चढ वर.”

दार्युनी चढली. खालून बायका कौलं देत होत्या. बाईही त्या रांगेत उभ्या होत्या, रुमाल हनुवटीखालीच ठेवून.

“वय झालं की शरीरातलं रसायन बदलतं आणि केस येतात,” त्या हातातलं कौल पुढे देत म्हणाल्या. “उपटा, कापा, भादरा नाहीतर राहू द्या. भादरल्यानं ते दाट होत नाहीत. अचानक फार वाढले, आवाज जाड झाला, तर डॉक्टरकडे जा. पण आपल्या हनुवटीची लाज दुसरीच्या घरावर दगड मारून झाकू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आधी त्याला विचारा, हे कसं केलंस?”