कितव्या मिनिटाला?

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझ्या जाळीला डाव्या बाजूला पोचा आहे, तो पाद्रीबाबांच्या अंगठीचा. माझी पहिली अकरा वर्षं अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या एका लहानशा चर्चमध्ये गेली. पाद्रीबाबा दर रविवारी माझ्या तोंडाशी इतके कळवळून ओरडायचे, की त्यांच्या थुंकीने मी न्हाऊन निघायचो. पुढे तिथे नवे मायक्रोफोन आले आणि मला जुन्या सामानाच्या विक्रीत, केकच्या टेबलावर एका कोपऱ्यात ठेवलं. तिथून ओडेसाने मला उचललं.

ओडेसा वाचनालयात नोकरी करायची. तिची शाळेपासूनची मैत्रीण रेनिटा एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघींना भुताखेतांच्या सिनेमांचं भारी वेड. दर शनिवारी सकाळी त्या ओडेसाच्या कपड्यांच्या खोलीत, हिवाळी कोटांच्या गर्दीत, गुडघ्याला गुडघा लावून स्टुलांवर बसायच्या. कोटांमुळे आवाज घुमत नाही. मधे मी. एक सिनेमा घेऊन तासभर बोलायचं आणि ते पॉडकास्ट म्हणून लोकांना ऐकवायचं, असा त्यांचा उद्योग.

किंचाळ्यांचं आणि रक्ताचं त्यांना कौतुक नव्हतं. भूत नेमकं कुणाच्या घरात शिरतं, त्या दोघींसारखं काळ्या रंगाचं माणूस सगळ्यांच्या आधी का मरतं, बाई बोलायला लागली की तिला वेडी का ठरवतात, यावर त्यांची चर्चा रंगायची.

"भूत नंतर येतं गं," रेनिटा म्हणायची. "आधी येतो तो 'तुला भास झाला असेल' म्हणणारा नवरा!"

त्यांच्या कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे. त्याला त्या 'कितव्या मिनिटाला?' म्हणायच्या. या घरात काहीतरी आहे, असं सिनेमातल्या बाईने पहिल्यांदा कितव्या मिनिटाला सांगितलं आणि कुणीतरी ते खरं कितव्या मिनिटाला मानलं, हे रेनिटा घड्याळ लावून एका वहीत दोन रकान्यांत लिहून आणायची.

"सांगितलं अकराव्या मिनिटाला. खरं मानलं एक्क्याऐंशीव्या. मधल्या वेळात तीन माणसं गेली आणि एक कुत्रा."

"मला बाई कुत्र्याचंच वाईट वाटलं," ओडेसा म्हणायची, आणि दोघी अशा हसायच्या की हँगर खडखडायचे. ते माझे सुखाचे दिवस होते. चर्चमध्ये इतकी वर्षं काढली, पण इतकं मोकळं हसू मी तिथेही ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात रेनिटा एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहायला गेली. एका शनिवारी बोलता बोलता ती मधेच थांबली.

"ओडेसा, माझ्या घरात काहीतरी आहे गं. पलंगामागची भिंत काळी पडत चाललीय. तिथं झोपलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं."

"सिनेमे कमी बघ जरा! ओल येऊन बुरशी धरली असेल. मालकाला सांग, रंग मारून देईल."

"मारला की त्यानं. डाग परत वर आला."

"मग डागाकडून अर्धं भाडं घे!"

रेनिटासुद्धा हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. मी तो खोकला जसाच्या तसा टिपला. माझं कामच ते. दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर ओडेसाने तेवढा भाग कापून टाकला. विषयाला सोडून होता ना!

पुढे खोकला दर आठवड्याला वाढत गेला आणि ओडेसाचा हात कापण्यात तरबेज होत गेला. "तुझा खोकला वेचून काढण्यात माझा अख्खा रविवार जातो," ती चिडवायची. डॉक्टरांनी दहा मिनिटांत तपासून सांगितलं, मनाचा ताण आहे, वजन कमी करा. मालकाने आणखी एकदा रंग मारला. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची, की रेनिटाताईंचा आवाज किती स्वच्छ येतो! ते कौतुक ऐकून मला माझीच लाज वाटायची.

ओडेसा वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. आल्याचा चहा तीच करून आणायची. पण फेब्रुवारीत रेनिटाने विचारलं, "तुझ्या वरच्या खोलीत महिनाभर राहू का गं? या घरात मी मरेन." तेव्हा ओडेसा म्हणाली, "नाटकी कुठली! तिथं सगळं सामान भरलंय. मे महिन्यात बघू." मला सगळं ऐकू येत होतं, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हतं. कधी नव्हे इतका मी त्या दिवशी स्वतःवर चिडलो.

मार्चमध्ये एका गुरुवारी रेनिटा कामावर आली नाही, म्हणून शाळेतल्या बायका तिच्या घरी गेल्या. ती पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. श्वास कधीच थांबला होता.

दफनानंतरच्या शनिवारी ओडेसा कोटांमध्ये येऊन बसली. रेनिटाच्या आठवणीत एक भाग करायचा, म्हणून तिने न कापलेली सगळी रेकॉर्डिंगं पहिल्यापासून लावली. खोकला आला. भिंत आली. डाग आला, पुन्हा आला. वरची खोली आली. एकूण चार वेळा रेनिटाने सांगितलं होतं आणि चारही वेळा ओडेसाचं हसू मी इमानदारीने टिपून ठेवलं होतं. मला बंद करायला ती विसरली होती. हुंदके देत तिने इथेच राहिलेली रेनिटाची वही उघडली आणि नव्या पानावर, पहिल्या रकान्यात लिहिलं: 'सांगितलं – भाग सदतीस, चौदाव्या मिनिटाला.' मग पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर येऊन थांबली.

"कितव्या मिनिटाला गं, रेनिटा?" तिने समोरच्या रिकाम्या स्टुलाला विचारलं.

तो भाग झालाच नाही. आता मी खणात पडून आहे. माझी धूळ पुसा, अशी विनवणी मी करणार नाही, धुळीने मला काही होत नाही. पण तुमच्याजवळ बसलेलं कुणी हसता हसता मधेच थांबून काही सांगू लागलं, तर मित्रांनो, तेवढं कापू नका.

ती वही माझ्याच खाली ठेवलेली आहे. तिच्या शेवटच्या पानावरचा दुसरा रकाना कोरा आहे.