दाराबाहेरची तिवई

मी तिवई बोलतेय. तीन पायांची म्हणून हसू नका. जमीन वाकडी असली की चार पायांच्या खुर्च्या डुगडुगतात. मी ठेवाल तिथे घट्ट. एवढा तोरा मला आहे, आणि का असू नये?

एका सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं, बायकोला चुलीपुढे बसायला. सुतारीण चांगली धिप्पाड होती, पण मी कधी कुरकुरले नाही. पुढे त्यांनी घर बदललं आणि मला एका लाँड्रीत दिलं. मोठी खोली, वाफेची यंत्रं, इस्त्रीची टेबलं आणि मधोमध जेवायचं लांब टेबल. म्हटलं, आता चारचौघींत बसायला मिळणार. कसलं काय!

त्याच आठवड्यात एक नवी बाई कामाला लागली. दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला चादरवाली म्हणत. इस्त्रीवाल्या बायकांत आत्या वडीलधारी. सख्खी कुणाचीच नाही, पण शब्द तिचाच चाले. पहिल्याच दुपारी तिने मला उचललं, दाराबाहेरच्या बोळात ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "इथे बस हो बाई, इथे वारा छान लागतो."

वारा! त्या बोळात माशीलासुद्धा घाम फुटायचा. खरं कारण मी कान देऊन ऐकलं होतं. आजाऱ्यांच्या चादरी हाताळते, ती जवळ नको.

तेव्हापासून चादरवाली माझ्यावर बसून एकटी जेवायची. आतून हसण्याचा आवाज आला की तीही हसायची, जरा उशिरा, तोंडावर हात ठेवून. गंमत अर्धीमुर्धीच ऐकू आलेली असायची.

मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. आतल्या बायका जोडीजोडीने घालायच्या. हिला कोण जोडी देणार? ही दोन कोपरे माझ्या पायांखाली दाबायची, माझ्यावर पाण्याची बादली ठेवायची आणि उरलेली टोकं धरून ताणायची. "सोडू नकोस गं," मला म्हणायची. चादर मी धरत होते हो, पण गप्पांना कुठून पुरणार?

एके दिवशी घोळ झाला. दवाखान्याच्या चादरींना कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण असते. त्या खेपेला नव्या चादरी आल्या आणि खूण राहूनच गेली. धुऊन वाळवलेलं गाठोडं लाँड्रीतली ओझी वाहणाऱ्या हमालकाकाने आतल्या टेबलावर टाकलं. बायकांनी हसतखेळत घड्या घातल्या. आत्याने तर एका टोकाने तोंडावरचा घामही पुसला!

तेवढ्यात चादरवाली दारात आली. "माझ्या नव्या चादरी दिसल्या का कुणाला?"

आत्याच्या हातातलं टोक गालावरच राहिलं.

"अगं बाई! या दवाखान्याच्या? आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला आत कुणी येऊ देतं का? घाबरू नका आत्या, चांगल्या उकळून काढल्यात. तोंड पुसलंत ना, कशी लागली?"

"मऊ," आत्याच्या तोंडून निघून गेलं.

हमालकाका जो हसत सुटला, त्याच्यामागे सगळ्याच. या वेळी गंमत पुरती ऐकू आली होती, तरी चादरवाली हसली नाही. तशीच उभी राहिली.

आत्या ओशाळली. "बरं बाई, उद्यापासून आत जेवायला बस."

"उद्या कशाला? भूक आज लागलीय."

असं म्हणून तिने मला उचललं आणि थेट जेवणाच्या टेबलाशी आणलं. जागा नव्हती. एक बाई आपला डबा घेऊन पार टोकाला निघून गेली. चादरवालीने ते पाहिलं, पण मागे फिरली नाही. आत्याला म्हणाली, "सरका."

आत्या सरकली. पुटपुटत का होईना, सरकली.

आता मी त्या टेबलाशीच असते. टोकाला गेलेली बाई अजून तिथेच जेवते. तिचं मन वळेल तेव्हा वळेल. आत्याचं आणि चादरवालीचं रोज वाजतं. वाजू दे. भांडायलासुद्धा माणूस शेजारी लागतं.

माझा एक पाय वाफेने फुगलाय, फळी चिरलीय. उद्या चुलीत गेले तरी हरकत नाही. फक्त एक ऐका. कुणाला बाहेर बसवताना आपण किती गोड बोलतो, ते जरा स्वतःच्या कानाने ऐका. आणि दारात कुणी उभं असलं, तर नुसतं "या, या" म्हणू नका. आधी सरका.