उपाशी यीस्ट

एकोणीसशे शहात्तर साली परभणीतल्या एका प्रयोगशाळेत कायमची जागा निघाली एकच, आणि हंगामी माणसं होती दोन. चारठाण्याचा वैजीनाथ आणि पूर्णेच्या रेल्वे खलाशाची मुलगी सत्यशीला. तिचं काम नेहमी त्याच्यापेक्षा कांकणभर सरस निघायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख सोळंके सर हाक मारायचे तीही तिलाच. वैजीनाथचा नुसता जळफळाट व्हायचा.

दोघं यीस्टमधल्या फॉस्फेटेजवर काम करत. हे विकर, म्हणजे एन्झाइम, यीस्टपेशीच्या भिंतीत बसलेलं असतं. त्याच्या अंगात एक खाच असते. फॉस्फेट चिकटलेला पदार्थ त्या खाचेत शिरला की विकर फॉस्फेट तोडून मोकळं करतं आणि यीस्ट ते आत ओढून घेतं. चाचणीला एक बिनरंगी पदार्थ घालायचा. फॉस्फेट तुटलं की उरलेला भाग सोड्याच्या पाण्यात पिवळा होतो. जितकं विकर जास्त, तितकी नळी पिवळी.

सोमवारी सर म्हणाले, शुक्रवारच्या नळ्या बघून कायमच्या जागेसाठी नाव पाठवतो. दोघांच्या यीस्टचं खाद्य वैजीनाथच बनवायचा. तिच्या चंबूत त्यानं साखर घातली, बाकीचे क्षार घातले, आणि फॉस्फेटची बाटली उचलून तशीच खाली ठेवली. मरू दे उपाशी तिचं यीस्ट, असं तो मनात म्हणाला.

शुक्रवारी तिचा चंबू जेमतेम गढूळला होता. वैजीनाथला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण चाचणी झाली तेव्हा तिची नळी हळदीसारखी पिवळीधमक, आणि त्याची ताकाच्या निवळीसारखी फिकट.

सरांनी नळी खिडकीशी धरली. फॉस्फेट मिळेनासं झालं की यीस्ट ते तोडून आणायला भराभर विकर बनवतं, भरल्या पोटी कशाला बनवील, असं म्हणत ते हसले. मग त्यांनी विचारलं, "खाद्यातून फॉस्फेट वगळायचं कुणाला सुचलं?"

शोध वैजीनाथचा होता आणि पापही त्याचंच. सत्यशीलेनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली.

जागा तिला मिळाली. व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं आणि खोटं का बोललात म्हणून विचारलं.

"तुमची हाय ती बी नोकरी गेली असती की," ती म्हणाली. "अन् उद्यापासून माझं खाद्य मीच करते."

तिनं जागा नेली, हे त्यानं कसंबसं गिळलं असतं. तिनं त्याला वाचवलं, ते मात्र घशाखाली उतरेना. सोमवारी ती आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्यानं तिला नमस्कार केला.