खोट्या बाटलीवरचे खरे लेबल

मी एक जुने लेबल आहे, नखाएवढे, कडांनी चुरगळलेले. माझी शाई मात्र अजून शाबूत आहे, आणि मित्रांनो, तेच माझे दुःख आहे.

माझा जन्म शाईच्या कारखान्यात झाला. तिथल्या रसायनवाल्या बाई सात वर्षे खपल्या, तेव्हा कुठे ही शाई साधली. माणसाच्या अंगठ्याची ऊब लागली की मी हिरव्याचे निळे होते आणि गार पडले की पुन्हा हिरवे. बाई मदतनिसाला म्हणाल्या, "आता नकली औषधवाल्यांची डाळ शिजायची नाही." मी अभिमानाने फुलून गेले.

मला हृदयाच्या औषधाच्या बाटलीवर चिकटवले. ती एका निवृत्त पोस्टमन आजोबांकडे गेली. औषध घेताना ते रोज नातीला माझी गंमत दाखवत. औषध लागू पडले, आजोबा पुन्हा जिना चढू लागले आणि रिकामी बाटली जशीच्या तशी कचऱ्यात गेली.

तिथून एका माणसाने ती उचलली. केटलीच्या वाफेवर धरून त्याने मला इतक्या हळुवारपणे सोडवले की मला वाटले, याला माझी कदर आहे. मग त्याने मला दुसऱ्या बाटलीवर लावले. तिच्यात नुसते रंगीत गोड पाणी होते. मला ते सांगायचे होते, पण रंग बदलण्यापलीकडे मला काही येत नाही.

ती बाटली कपडे शिवणाऱ्या एका ताईने आपल्या आईसाठी घेतली.

"खात्री करून घ्या ताई, अंगठा ठेवा," दुकानदार म्हणाला. त्यालाही काही ठाऊक नव्हते.

तिने अंगठा ठेवला. मी निळे झाले.

घरी पहिलाच चमचा घेऊन आई म्हणाली, "याची चव नेहमीसारखी नाही गं."

"अस्सल आहे आई. मी स्वतः बघितलंय."

"तू बघितलंस ना? मग झालं."

नवव्या दिवशी आईला धाप लागली. इस्पितळातल्या डॉक्टरबाई बाटली हुंगून हळूच म्हणाल्या, "यात औषधच नाही." आई घरी परतली नाही.

चौकशी झाली, पण वाफवाला सापडला नाही. ताईने मला मागून घेतले. रोज दुपारी ती मशीन थांबवते आणि माझ्यावर अंगठा ठेवते. "खरंच निळं झालं होतं," ती रिकाम्या खाटेकडे पाहत म्हणते. आणि मी पुन्हा निळे होते. मला तिच्या पावलांचीसुद्धा धास्ती वाटते.

एकदा दुकानदार दारात आला. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती.

"लोकांकडून परत मागवल्यात," तो खाली मान घालून म्हणाला. "लेबलं कापायची आहेत. माझ्या एकट्याच्यानं उरकत नाही."

ताईने पिशवीत डोकावून पाहिले. मग म्हणाली, "बसा," आणि शिवणाची कात्री घेऊन आली. आता दर आठवड्याला दोघे समोरासमोर बसून माझी भावंडे कापतात.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी उलटे मागते. औषध संपले की आमच्यावर कात्री चालवा, मगच बाटली टाका. आम्हाला खोटे बोलता येत नाही, पण आम्हाला खोट्याच्या अंगावर चिकटवता येते.

ताई, एकदा मलाही काप.