माझ्यावरचा गोल डाग

मित्रांनो, मी एक जुना व्याकरणाचा ग्रंथ आहे. चांगला विटेएवढा जाड. माझ्या मुखपृष्ठावर मधोमध एक करपलेला गोल डाग आहे. लोक मला उचलतात, डाग बघतात आणि नाक मुरडून खाली ठेवतात. मला त्या डागाची लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याच्या आधीच्या दिवसांची.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! नाम, सर्वनाम, क्रियापद, सगळं माझ्या पोटात. पहिल्या घरी तीन भावंडं माझ्यावर शिकली. त्यांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगायची आणि मी फुगून जायचो.

ती मुलं मोठी झाली, तसा मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका गावी, चर्चच्या तळघरातल्या टेबलावर येऊन पडलो. मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं दर गुरुवारी तिथे जमत. मुलं एकत्र खेळत आणि आया जुनी पुस्तकं विकत. अशाच एका गुरुवारी करिनबाईंच्या जुळ्यांनी शब्दांच्या सगळ्या जाती व्याख्यांसकट घडाघडा म्हणून दाखवल्या. टाळ्या पडल्या.

"तुझी ओपल म्हणते का गं हे?" करिनबाईंनी शेजारच्या जनेलला विचारलं.

"ती अजून गोष्टींतच रमलीय," जनेल पुटपुटली.

"नऊ वर्षांची घोडी झाली की! उद्या लोक म्हणतील, घरी बसवून पोर वाया घालवली."

जनेलचे कान लाल झाले. तिने मला उघडूनही पाहिलं नाही, तसंच विकत घेतलं.

त्या घरी एक रीत होती. सकाळी जनेल एक गोष्ट वाचून दाखवायची आणि रात्रीच्या जेवणाला ओपल तीच गोष्ट आपल्या शब्दांत वडिलांना सांगायची. व्हर्नन दुधाचा टँकर चालवून थकून आलेला असायचा. पण ओपल हातवारे करत सुरू झाली, की त्याचा चमचा हवेतच थांबायचा.

सुरुवातीला मी सकाळच्या अभ्यासापुरताच होतो. पण जनेलच्या मनातून ते जुळे काही जाईनात. तिने मला जेवणाच्या टेबलावर, आपल्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"आणि मग ते खेचर पुरात पडलं आणि मग..."

"किती वेळा 'आणि मग'? परत सांग. कर्ता कुठला ते आधी ठरव."

मला सांगायला शरम वाटते, पण ती माझी पानं उलटायची तेव्हा मी खूश व्हायचो. समोर पोरीचं तोंड एवढंसं होतंय, हे मला दिसत होतं.

मग एकदा ओपल म्हणाली, "अस्वल आलं. त्याने मध खाल्ला. ते गेलं."

व्हर्नन वाट बघत राहिला. "बस? मी ज्यांचं दूध नेतो त्या गाईसुद्धा याहून जास्त बोलतात गं!"

ओपल हसली नाही. "छोटं सांगितलं की चुकत नाही, बाबा," ती म्हणाली आणि वाटाणे वेचू लागली.

व्हर्ननने जनेलकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. जनेलची मान खाली गेली. मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या टेबलावर कळलं. पुस्तकाला तोंड लपवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाला जनेल म्हणाली, "आज तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ओपलने माझ्याकडे बोट केलं. "आणि ते उघडणार?"

जनेल उठली, चुलीवरचं रश्श्याचं उकळतं पातेलं तिने उचललं आणि थेट माझ्यावर आणून ठेवलं.

"आता कसं उघडेल?"

ओपल खुदकन हसली. "एक कोल्हीण होती आणि मग..." ती सुरू झाली. जनेलचा हात सवयीने एकदा माझ्याकडे आला, पण त्याने मक्याचा पाव उचलला. मी चटचट भाजत होतो. तरी वाटत होतं, ही पोर थांबू नये.

पुढे जनेलने मला पुन्हा सकाळचं थोडं काम दिलं. ओपलच्या लिहिण्यात जे अडेल, तेवढंच पान उघडायचं. काही महिन्यांनी तर जत्रेतल्या स्पर्धेसाठी गोष्ट लिहिताना ओपलने मला आपणहून उघडलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी मूल आपणहून आलं नव्हतं.

ओपल मोठी झाली, तसा मी पुन्हा तळघरातल्या टेबलावर आलो. परवा एका तरुण आईने डागावरून बोट फिरवलं. "हे काय झालं?"

पातेलं निसटलं, असं जनेल सहज सांगू शकली असती. करिनबाई शेजारीच उभ्या होत्या. जनेल लाल झाली, पण म्हणाली, "माझी पोर बोलायची बंद झाली होती. मीच केली होती. त्यावरचा उपाय आहे तो."

त्या आईने मला पिशवीत टाकलं. मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जपा, अडलं की जरूर विचारा. पण घरातलं लेकरू गोष्ट सांगू लागलं, की त्या भाऊबंदावर खुशाल गरम पातेलं ठेवा. त्याला भाजेल, पण तो तक्रार करणार नाही.