वैकुंठाचा करंट

मोहटोल्याच्या बाजारात त्या गुरुवारी कोथिंबीरवाली कोथिंबीर टाकून उठली, न्हावी अर्धी दाढी टाकून उठला, आणि ज्याची अर्धी दाढी झाली होती तो दोघांच्याही पुढे धावला. जीपवाले महाराज आले होते.

गावात चौदा तासांचं भारनियमन. खांबांवरच्या तारांचा उपयोग फक्त कावळ्यांना. आणि इथे मोहाच्या झाडाखाली, जीपच्या मागच्या बाजूला, भगव्या कापडावर लॅपटॉप उजळलेला, देवाच्या फोटोभोवती रंगीत माळ लुकलुकत असलेली, टेबलफॅन महाराजांची दाढी हलवतोय आणि प्रिंटर खर्रर्र करून कागद ओकतोय.

"ना खंबा, ना तार, ना मीटर, ना बिल!" महाराज गरजले. "भक्तों, ये बैकुंठ का करंट है!"

भक्तानं लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवायचं. पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायचा. "देखो, नाडी भाग रही है!" मग दैवी आरोग्य अहवाल छापून यायचा. सत्तरीच्या उदारामच्या अहवालात 'गर्भाशय : निरोगी' असं आलं होतं. या वयात अंगातलं काहीतरी निरोगी निघालं, म्हणून उदारामनं तो काचेत मढवून भिंतीवर लावला.

महाराज पैशाला शिवत नसत. त्यांना लागायचं डिझेल. एकदा जीपचं इंजिन बंद पडलं होतं आणि थोड्या वेळानं कापडाखालून 'टीं टीं टीं' असा आवाज आला होता. "देव भूखा है," महाराज म्हणाले. तेव्हापासून लोक उन्हाळी धानाच्या पंपातलं डिझेल लोट्यात आणत, वर झेंडूचं फूल ठेवत आणि जीपला नैवेद्य दाखवत. धान वाळत होतं. जीप तृप्त होती.

मध्यंतरी शाई संपत आली आणि अहवाल फिकट येऊ लागले. "रोग फीका पड रहा है!" महाराज म्हणाले. त्या दिवशी टाळ्या सगळ्यांत जोरात पडल्या.

टाळ्या न वाजवणारी एकटीच होती, गावची 'आशा' आरोग्य कार्यकर्ती अलका. तिच्या घरी फळीवर बकारामच्या नावाचा खोका होता. क्षयाच्या गोळ्यांचा, सहा महिन्यांचा. चार महिने बकाराम तिच्यासमोर बसून गोळ्या गिळत होता. खोकला थांबला होता, गाल भरले होते. होळीला महाराज आले, अहवालात 'क्षय : निरंक' छापून आलं, आणि बकारामनं येणं सोडलं. आता मे संपत आला होता. खोका तिथेच होता, बकाराम मात्र पुन्हा खोकू लागला होता.

आज ती गोळ्या पिशवीत टाकून थेट जीपजवळच आली.

"बकारामभाऊ, कायले आपल्याच जीवावर उठले गा? दोनच महिने राहिले होते."

"निरंक झाला ना बाई. कागदावर लिवलं आहे. तुमच्या गोळ्यानं मळमळते, कागदानं नाही मळमळत."

त्याची बायको सुलोचनाबाई मध्ये पडली. "तुमी लोकं देव मानत नाही, अलकाबाई. तुमाले थो दिसन कसा?"

'तुमी लोकं' हे दोन शब्द अलकाच्या आजीनं ऐकले होते, आईनं ऐकले होते. तिनं ते पिशवीत गोळ्यांशेजारी ठेवून दिले.

तेवढ्यात जीपचं इंजिन आचके देत बंद पडलं. थोड्या वेळानं कापडाखालून आवाज आला. टीं टीं टीं. सगळ्यांनी हात जोडले. अलकानं कान टवकारले. हा आवाज तिनं रोज ऐकला होता. आरोग्य उपकेंद्रात लाईट गेली की ट्यूब चालवणारा डबा बॅटरी उतरल्यावर अस्साच रडायचा.

लोट्यातलं डिझेल ओतलं गेलं, इंजिन पुन्हा धडधडू लागलं, रडणं थांबलं.

"महाराज," अलका हात जोडून म्हणाली, "इंजिनच्या आवाजात देव दबून राहिला. बंद करा ना. करंट तं वैकुंठाचा आहे."

"हो हो, बंद करा!" गर्दी ओरडली. भक्तांपुढे महाराजांचं काय चालतंय? त्यांनी ड्रायव्हरला खूण केली.

इंजिन थांबलं. प्रिंटर चालूच. एक अहवाल, पाच, अकरा. जयजयकार झाला. "आता बोला, बाई!" सुलोचनाबाई म्हणाली. अलका खाली बसली. अर्धा तास गेला. तेविसाव्या अहवालाला टीं टीं सुरू झालं, मग माळ विझली, फॅन थांबला, महाराजांची दाढी खाली आली आणि कागद 'निरं' इतकंच छापून अडकला.

अलकानं कापड ओढलं. खाली लोखंडी डबा. त्यातून लाल आणि काळी, दोन जाड वायरी बोनेटकडे गेलेल्या.

"हा तुमचा वैकुंठ. जीपच्या बॅटरीचा करंट हा डबा घरच्या लाईनसारखा करते. इंजिन चाललं तं बॅटरी भरते, म्हणून देवाले डिझेल लागते. अना अहवाल? सगळ्यायले एकच, फक्त नाव बदलते. उदारामबाबाले गर्भाशय का देवानं देलं?"

लोक हसले. मग धानाकडे पाहू लागले.

महाराज घाईघाईनं पुढे बसले, पण उतरलेल्या बॅटरीवर जीप सुरू होईना. आणि आता जे झालं ते कोणी सांगितलं असतं तर अलकानंही मानलं नसतं. नुकतंच डोळ्यांनी सगळं पाहिलेली वीस माणसं पुढे झाली आणि जीप ढकलू लागली. "पाहुणा आहे, बाप्पा," कोणीतरी म्हणालं. त्यात बकारामही होता.

जीप सुरू झाली, धूर सोडून पळाली. बकाराम रस्त्यातच वाकला. खोकला. खिशातला कागद काढून त्यानं तोंड पुसलं. त्या प्रिंटरमध्ये लाल शाई कधीच नव्हती.

"कागदावर तं निरंक लिवलं होतं," तो म्हणाला.

"फुप्फुसाले वाचता नाही येत, भाऊ."

देवरीच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. दोन महिन्यांचं काम उरलं होतं, औषध मध्येच सोडल्यानं त्याचे आठ महिने झाले, आणि पहिले दोन महिने सुया. त्या आठ महिन्यांत बकाराम जगतो की नाही, हे कोणताही प्रिंटर सांगू शकत नव्हता.

तर बाप्पाहो, पुढच्या वेळी अशी गाडी आली की हात जोडण्याआधी ते मोकळे आहेत तोवर कापड उचला. वायर कुठं जाते ते पाहा. आणि गोळी चालू असेल तर ती संपेपर्यंत घ्या. देव रागावला तर अलकाचं नाव सांगा. तिला सवय आहे.