छातीवरचा गेरू

आमच्या मास्तरांना मी तेव्हाच म्हटलं होतं, वरून आलेल्या प्रत्येक हुकमाला एवढं हुरळून जाऊ नका. पण ऐकतील तर ते मास्तर कसले? हुकूम असा होता की प्रत्येक मराठी शाळेत रोज कवायत झालीच पाहिजे, आणि वर्षातून एकदा कवायतीचा तपासनीस येऊन पोरांची उंची, वजन, छाती मोजून जाईल. ह्यांनी तो मला चुलीपुढे उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हटलं, आपली पोरं सकाळी डोंगर उतरून शाळेत येतात आणि दुपारी चढून घरी जातात, त्यांना आणखी हात वर-खाली कशाला करायला लावता? तर म्हणाले, सरला, तुला देशाचं आरोग्य कळायचं नाही. नाही कळत तर नाही कळत. मला भाकरी करपलेली कळते आणि ती तेव्हा करपत होती.

मी नंदुरबारची. बापाची मिरचीची वखार, त्यामुळे घरात सगळ्यांच्याच जिभेला ठसका. लग्न झालं ते मराठी शाळेच्या मास्तरांशी, आणि त्यांची बदली झाली तोरणमाळच्या पायथ्याच्या गावात. गाव कसलं, पाच-सहा पाडे इकडेतिकडे विखुरलेले आणि मधे कुडाच्या भिंतींची एक खोली, ती शाळा. आम्ही गेलो तेव्हा शाळेत शेळ्या बसायच्या. ह्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन, लोकांच्या अंगणात तासन्‌तास बसून, एकेक पोर गोळा केलं. त्या खोलीसाठी माणसानं जिवाचं रान केलं, हे मी बायको म्हणून नाही, डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते.

त्या पोरांत भीमसिंग पावऱ्याचा दिवाल्या होता. पोरगा वाचायला लागला की माश्यासुद्धा गप्प बसाव्यात असा वाचायचा. पुढच्या वर्षी तो चौथीला बसणार होता. त्या पाड्यांवरून चौथीला बसणारा तो पहिलाच. त्याला पुढे शहाद्याच्या शाळेत घालायचं आणि लोणखेड्याला माझ्या मावसबहिणीकडे जेवायला ठेवायचं, इथवर आमचं ठरलं होतं. भीमसिंगही हो म्हणाला होता. ह्यांच्या पोटी लेकरू नव्हतं. म्हणजे माझ्याही नव्हतं, ते वेगळं सांगायला नको. जे काय होतं ते दिवाल्या होता.

भीमसिंग जंगल खात्याच्या कामावर जायचा. तोडायची झाडं ठरवायला गार्ड यायचा, तेव्हा हा त्याच्यासोबत गेरूचा डबा घेऊन फिरायचा. मी मोहाची फुलं वेचायला जायचे तेव्हा ते काम बघितलं होतं. गार्ड झाडाला छातीएवढ्या उंचीवर फीत गुंडाळायचा, घेर बघायचा, थोडी साल तासायचा आणि तिथं गेरूनं आकडा घालायचा. मग आठवड्यानं म्हणा, महिन्यानं म्हणा, ते झाड तिथं नसायचं. त्याच डब्यातला उरलेला गेरू भीमसिंगनं दिवाळीला शाळेची भिंत सारवायला आणून दिला होता. त्यातूनही राहिला तो मी शाळेच्या कोपऱ्यात मडक्यात झाकून ठेवला होता.

तपासनीस आला तो थंडीत. तरणाबांड, नुकताच कवायतीचं शिक्षण घेऊन आलेला, खाकी अर्धी विजार, गळ्यात शिट्टी. माणूस वाईट नव्हता. माझ्या हातचं भरीत दोनदा मागून खाल्लं, त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. एका लेकराच्या तोंडावरची माशीसुद्धा त्यानं हळूच हाकलली. पोरांचे आईबाप कौतुकानं समोरच्या चिंचेखाली बसले होते. आमच्या मास्तरांनीच बोलावलं होतं त्यांना, बघा म्हणून तुमची पोरं कशी शिकली ते.

तपासनीसानं पोरांना सदरे काढायला लावले, भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात आडवे करायला सांगितले आणि एकेकाच्या छातीला फीत गुंडाळली. पोरं सगळी एकाच चणीची, त्यातून चुळबुळी, कोणाचं मोजून झालं आणि कोणाचं राहिलं ते त्याला समजेना. छातीवर खडूनं आकडा घालायला गेला तर खडू उठेना. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं गेरूचं मडकं त्याला दिसलं.

दिवाल्याच्या छातीवर आकडा पडला तेव्हा चिंचेखाली भीमसिंग उठून उभा राहिलेला मी बघितला. त्याच्या बायकोनं, कमलीबाईनं, तोंडावर पदर धरला. तपासनीस मात्र खुशीत होता. काय छाती आहे, म्हणाला, एक नंबरची पोरं आहेत, मी वर कळवतो. सदरा घालून पोरं आईबापांकडे पळाली. एरवी सगळे तिथंच रेंगाळायचे, बिडी ओढायचे, ह्यांच्याशी बोलायचे. त्या दिवशी पोरांचे दंड धरून सगळे चढाला लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही.

ह्यांना आधी वाटलं, कोणाकडे लग्न असेल. मग वाटलं, ताप असेल. झाडांवरच्या आकड्याचं मी सांगितलं तेव्हा माझ्यावरच चिडले. म्हणाले, माणसं आहेत ती, त्यांना झाड आणि पोर कळत नाही काय? कळत होतं हो त्यांना. म्हणून तर पोरं लपवली. तिकडे लढाई पेटली होती, फौजेचे भरतीवाले शहाद्याच्या बाजारात ढोल बडवून गेले होते, हे पाड्यांवर पोचलं होतं. सरकार मोजतं कधी, तर न्यायचं असतं तेव्हा. त्या लोकांनी दुसरं काही बघितलेलंच नव्हतं, तर त्यांनी दुसरं काय समजायचं?

मग हे पाड्यांवर हिंडले. सोबत मीही गेले. प्रत्येक घरी पाणी मिळालं, बसायला खाट मिळाली, पोर काही दिसलं नाही. भीमसिंगच्या घरी कमलीबाईनं सांगितलं, दिवाल्या मामाकडे गेला. कुठल्या मामाकडे, ते सांगितलं नाही. त्याची छाती राखेनं घासून घासून तिनं सोलवटून काढली होती, ते शेजारणीनं मला मागाहून सांगितलं. आमचे मास्तर भीमसिंगपुढे बसले आणि समजावत राहिले. पोरांची तब्येत चांगली राहावी म्हणून सरकार मोजतं, दुसरं काही नाही.

भीमसिंगनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो बिमार नव्हता. मंग त्याले मोजं कसाले?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी कधी उत्तराला अडत नाही. गेरू तर धुऊन गेला ना, असं मी म्हणून बघितलं. त्यावर तो म्हणाला की झाडाची साल भरून येते, आकडा दिसत नाही, तरी झाड जातंच. हे त्यानं रागानं सांगितलं नाही. मला कळत नव्हतं म्हणून समजावून सांगितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भीमसिंग सकाळीच शाळेत आला. खांद्याला फडक्यात बांधलेलं गाठोडं, लांब जायला निघाल्यासारखं. ते त्यानं ओसरीवर ठेवलं, आत आला आणि जिथं पोरांना उभं केलं होतं तिथं भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दोन्ही हात आडवे केले.

"मास्तर, मले मोज," तो म्हणाला. "पोऱ्याले सोडी दे."

मास्तर त्याचे हात खाली करायला लागले. तो परत वर करी. हे म्हणत होते, भीमसिंग, कोणालाही न्यायचं नाही रे, ना तुला, ना दिवाल्याला. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा काळवंडत चालला होता. मग मला लख्ख कळलं. ह्यांनी त्याला मोजलं नाही तर दिवाल्याच जाणार, एवढाच अर्थ तो काढत होता. ह्यांनाही ते कळलं असावं. त्याचे हात सोडले आणि म्हणाले, सरला, तुझी शिवणाची फीत आण.

मी फितीचं एक टोक धरलं, ह्यांनी दुसरं. भीमसिंगनं श्वास भरून छाती फुगवली, कमी भरू नये म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते समजेना. गेरूही लाव म्हणाला. ह्यांनी लावला. आकडा धड उमटलाही नाही. आपल्या हातानं आपण त्याची भीती खरी करून दिली, असं हे रात्री म्हणाले, आणि जेवले नाहीत.

कधी न्यायचं, ते भीमसिंगनं विचारलं. ह्यांनी सांगितलं, घरी जा. तो ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसला आणि मग गेला. पुढच्या बाजाराला परत आला, त्याच गाठोड्यासकट. त्याच्या पुढच्यालाही. त्याचं बघून आणखी काही बाप आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पोरं मात्र आली नाहीत. हे सकाळी घंटा वाजवायचे, कवायतीच्या वेळेला शिट्टी हातात घेऊन मैदानात जायचे आणि परत यायचे.

हजेरी नाही तर शाळा कशाला? उन्हाळ्याच्या तोंडी शाळा बंद करायचा हुकूम आला. ह्यांची बदली खाली, तापीकाठच्या एका गावात. त्यांनी वर किती वेळा लिहिलं की चूक पोरांची नाही, आईबापांची नाही, थोडे दिवस द्या. हजेरी विचारणारं उत्तर तेवढं यायचं.

आम्ही गाडी भरली. दोन पेट्या, भांडी, शाळेची घंटा. भीमसिंग चिंचेखाली बसला होता. गाडी हलली तसा तो उठला, आपलं गाठोडं आमच्या पेटीवर ठेवलं आणि मागून चालायला लागला.

ह्यांनी गाडी थांबवली. उतरून त्याच्याजवळ गेले. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, पण त्या दिवशी बोलले. म्हणाले, भीमसिंग, सरकारनं तुझा आकडा काढून टाकला. तू नको आहेस सरकारला. मोकळा झालास, जा घरी.

भीमसिंगनं आपल्या छातीकडे बघितलं.

"मंग कोनले लई जाशी?" त्यानं विचारलं.

कोणालाच नेणार नाही, असं हे म्हणाले.  भीमसिंगनं गाडीचा मागचा दांडा धरला आणि चालत राहिला. मी गाठोडं खाली देऊ केलं तर त्यानं परत वर ठेवलं. उन्हातानात, दगडधोंड्यांतून, लोणखेड्याची शेतं येईपर्यंत तो तसाच आला. मावसबहिणीच्या अंगणात, जिथं दिवाल्यानं येऊन राहायचं होतं तिथं, त्यानं गाठोडं सोडलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली पुढच्या वाटेसाठी परत बांधून ठेवली. मग ह्यांना पुढची वाट विचारली, "आठून कोठे जावानं?"

आमच्या मास्तरांनी मागे तोरणमाळच्या डोंगराकडे, त्याच्या घराकडे, हात केला. भीमसिंगनं तिकडे बघितलं, मान हलवून नाही म्हटलं आणि आमच्या बैलांशेजारी बसून राहिला.